लिहिता येते, पण स्वतःचे लिहिलेले वाचता येत नाही: असे का घडते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रक्तदाब आणि मधुमेह असलेले, सत्तरीकडे झुकलेले एक निवृत्त शिक्षक एका सकाळी नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र घेऊन बसले आणि त्यांना एकही ओळ वाचता येईना. चष्म्याचा नंबर तपासून झाला, डोळ्यांत दोष निघाला नाही. बोलणे, हिशेब, माणसांची ओळख हे सारे पूर्वीसारखेच आहे. ते आजही रोजनिशी सुवाच्य अक्षरात लिहितात. मात्र तासाभराने तेच पान पुढे ठेवले, तर ते त्यांना परक्या लिपीतले वाटते. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूच्या मागील भागाचा रक्तपुरवठा खंडित झाल्याचे दिसले आहे. मुलगा विचारतो की, बाबा अक्षरे विसरले असतील तर लिहितात कसे, आणि विसरले नसतील तर वाचत का नाहीत? घरातील काही वडीलधाऱ्यांना तर हे सोंगच वाटते.

सर्वप्रथम हे स्पष्ट सांगतो की हे सोंग नाही, वेड नाही आणि स्मृतिभ्रंशही नाही. या स्थितीला वैद्यकात ‘लेखनदोषाविना वाचनलोप’ किंवा ‘शुद्ध शब्दांधत्व’ म्हणतात. ती क्वचितच आढळते, परंतु सव्वाशेहून अधिक वर्षे ती उत्तम प्रकारे वर्णिलेली आहे. आपल्या वडिलांची अक्षरे हरवलेली नाहीत. डोळ्यांनी पाहिलेले अक्षर जिथे भाषा वसते त्या भागापर्यंत नेणारी वाट तुटली आहे. मेंदूविकारांच्या रुग्णांची तपासणी करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि या अनुभवातून एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते: एखादी क्षमता नाहीशी झाली असे दिसले, म्हणजे तिचा साठाच जळाला असे गृहीत धरू नये. पुष्कळदा साठा शाबूत असतो आणि त्याच्याकडे जाणाऱ्या अनेक वाटांपैकी एखादीच बंद झालेली असते. कोणती वाट बंद आहे आणि कोणती उघडी आहे, हे शोधणे हेच तपासणीचे खरे काम असते.

मेंदूची रचना थोडी पाहिली तर हे समजणे सोपे जाते. मेंदूचा पृष्ठभाग धूसर दिसतो. तिथे चेतापेशी असतात. त्याखालचा पांढरा भाग हा त्या पेशींना परस्परांशी जोडणाऱ्या तंतूंचा असतो आणि त्या तंतूंवरच्या मायलिन या स्निग्ध वेष्टनामुळे तो पांढरा दिसतो. तरुण प्रौढ व्यक्तीच्या मेंदूतील असे वेष्टित तंतू एकापुढे एक ठेवले, तर त्यांची लांबी दीड लाख किलोमीटरांहून अधिक भरते. डावा आणि उजवा अर्धगोल जोडणारा कॉर्पस कॅलोजम हा त्यांतला सर्वांत मोठा पट्टा असून त्यात सुमारे २० कोटी तंतू आहेत. पाहणे, ऐकणे, बोलणे, हात हलवणे यांसाठी पृष्ठभागावर वेगवेगळे भाग असले, तरी ‘वाचन’ नावाची क्रिया त्यांपैकी कोणत्याही एकाच भागात घडत नाही. ती अनेक भागांच्या देवाणघेवाणीतून घडते.

वडिलांच्या बाबतीत काय झाले असावे, ते आता पाहू. डोळ्यांसमोरच्या दृश्याचा उजवा अर्धा भाग मेंदूच्या डाव्या बाजूला आणि डावा अर्धा भाग उजव्या बाजूला पोहोचतो. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणारी डावी रोहिणी बंद पडली की डाव्या बाजूचे दृष्टिकेंद्र निकामी होते आणि दोन्ही डोळ्यांना उजवीकडचे दिसेनासे होते. उजवे दृष्टिकेंद्र धडधाकट असते, त्यामुळे डावीकडचे जग, त्यातील कागद आणि कागदावरच्या रेघा रुग्णाला स्वच्छ दिसतात. परंतु बहुसंख्य माणसांची भाषा डाव्या अर्धगोलात असते. म्हणजे उजव्या अर्धगोलात उमटलेले अक्षराचे चित्र भाषेपर्यंत पोहोचायचे, तर त्याला कॉर्पस कॅलोजमच्या मागच्या टोकातून पलीकडे जावे लागते. आणि दुर्दैवाने त्या टोकालाही बहुतांशी त्याच रोहिणीतून रक्त मिळते. एकाच आघातात डावे दृष्टिकेंद्रही जाते आणि उजवीकडून येणारा पूलही पडतो. रुग्ण अक्षर पाहतो, पण त्याची भाषा ते पाहत नाही.

लिहिण्याच्या क्रियेला या पुलाची गरजच नसते. मनात आलेला शब्द डाव्या अर्धगोलातच तयार होतो आणि तिथून पुढे हाताच्या हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या भागाकडे जातो. त्या मार्गाला धक्का लागलेला नाही, म्हणून रोजनिशी लिहिली जाते. लिहून झालेले पान मात्र पुन्हा डोळ्यांच्याच वाटेने आत यावे लागते, आणि तिथे ते अडते.

हे स्पष्टीकरण ज्या रुग्णामुळे मिळाले, त्याची हकीकत मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सविस्तर सांगतो, कारण एका माणसाकडे इतक्या बारकाईने पाहिल्याची उदाहरणे फार नाहीत. १८८७ च्या ऑक्टोबरात पॅरिसमधील कापडाचा व्यापार केलेल्या, चांगल्या शिकलेल्या एका गृहस्थाला अचानक वाचता येईनासे झाले. आपल्याला नवा चष्मा लागला आहे असे समजून ते लांदोल्त या नेत्रतज्ज्ञाकडे गेले. दृष्टी उत्तम होती. अक्षरांचा तक्ता पुढे धरल्यावर त्यांना एकाही अक्षराचे नाव सांगता येईना, पण आकार ते नीट वर्णन करीत: इंग्रजी ‘ए’सारखे अक्षर चित्रकाराच्या घोडीसारखे, ‘झेड’ सापासारखे आणि ‘पी’ पट्ट्याच्या बकलासारखे. अक्षरे ते चित्रासारखी रेघ न् रेघ उतरवून काढू शकत. सांगितलेला मजकूर ते सहज लिहीत आणि मग तोच मजकूर त्यांना वाचता येत नसे. आकडे मात्र त्यांना वाचता येत, हिशेब करता येत. बोटाने अक्षराची वळणे गिरवली की ते अक्षर ओळखत. संगीताची लिपी वाचता येईनाशी झाली होती, तरी पत्नीच्या मदतीने ऐकून ऐकून ते नवी गीते पाठ करीत.

ज्यूल देजेरिन या मेंदुतज्ज्ञांनी चार वर्षांहून अधिक काळ त्यांचा पाठपुरावा केला. जानेवारी १८९२ मध्ये या गृहस्थांना दुसरा झटका आला, त्यात लेखनही गेले आणि काही दिवसांतच त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात दोन वेगवेगळ्या वयाच्या जखमा आढळल्या. डाव्या बाजूच्या मागील भागात आणि कॉर्पस कॅलोजमच्या मागच्या टोकात जुनी, सुकलेली जखम होती. तर शब्दांच्या लिखित रूपाशी निगडित मानल्या जाणाऱ्या, थोड्या पुढच्या आणि वरच्या भागात ताजी जखम होती. पहिल्या जखमेने शब्दांचा साठा शाबूत ठेवून डोळ्यांची वाट तोडली होती आणि दुसरीने साठ्यावरच घाला घातला होता, असा अर्थ त्यातून निघाला. वाट तुटणे आणि साठा नष्ट होणे यांतील फरक एकाच मेंदूत, एकापाठोपाठ एक असा दिसावा, हे विलक्षणच म्हटले पाहिजे.

जोडण्या तुटल्याने आजार होऊ शकतो ही कल्पना त्याआधीच मांडली गेली होती. १८७४ मध्ये ब्रेस्लाऊ येथे कार्ल वेर्निके या तरुण डॉक्टरांनी असे सुचवले की, शब्द समजण्याचा भाग आणि शब्द उच्चारण्याचा भाग हे दोन्ही सुस्थितीत असूनही त्यांच्यामधला दुवा तुटला, तर एक वेगळाच वाचाघात दिसेल. पुढे तसे रुग्ण आढळले. ते ओघवते बोलतात, समोरच्याचे त्यांना समजतेही, पण ऐकलेले वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवताना ते अडखळतात, शब्दांतील ध्वनी उलटसुलट करतात आणि चूक लक्षात आल्यामुळे पुन्हा पुन्हा दुरुस्ती करू पाहतात.

१९०० मध्ये ह्यूगो लीपमान यांनी बर्लिनमध्ये वर्णिलेला रुग्ण मला त्याहून अधिक महत्त्वाचा वाटतो. हा एक सरकारी अधिकारी होता. साध्या वस्तू वापरायला सांगितले की तो काहीतरी भलतेच करी आणि त्यामुळे त्याची बुद्धी भ्रष्ट झाली आहे, त्याला काही समजत नाही, असे ठरवण्यात आले होते. या चुका प्रामुख्याने उजव्या हाताने होत आहेत, हे लीपमान यांच्या ध्यानात आले. त्यांनी उजवा हात अडवून धरला आणि त्याच सूचना डाव्या हाताने पाळायला सांगितल्या. रुग्णाने त्या बरोबर पाळल्या. म्हणजे सूचना समजत होती, कृती ठाऊक होती. केवळ उजव्या हातापर्यंत ती पोहोचत नव्हती. एक हात धरून ठेवण्याइतक्या साध्या कृतीने एका माणसावरचा वेडाचा शिक्का पुसला गेला. आपल्या नातेवाइकांना ही हकीकत जरूर सांगावी.

त्यानंतरची काही दशके हा विचार मागे पडला. मेंदू एकसंध काम करतो, त्याचे असे भाग आणि दुवे पाडणे कृत्रिम आहे, असे मानणाऱ्यांचा प्रभाव वाढला. १९६० च्या सुमारास बोस्टनमध्ये नॉर्मन गेश्विंड यांनी जुने जर्मन आणि फ्रेंच लेख पुन्हा वाचायला घेतले. १९६२ मध्ये त्यांनी आणि ईडिथ कॅपलान यांनी अशा एका रुग्णाचे वर्णन केले, ज्याच्या उजव्या हाताचे लेखन बरोबर होते, पण डावा हात चुकीचे शब्द लिहीत असे. डोळे झाकून डाव्या हातात वस्तू दिली तर तिचे नाव तो चुकीचे सांगे, परंतु त्याच हाताने ती वस्तू कशी वापरायची हे बरोबर करून दाखवी. डाव्या हाताला वस्तू कळत होती, तोंडाला कळत नव्हती. १९६५ मध्ये गेश्विंड यांनी ‘ब्रेन’ या नियतकालिकात दोन भागांत प्रदीर्घ निबंध लिहिला आणि ‘डिस्कनेक्शन सिंड्रोम’, म्हणजे जोडण्या तुटल्याने होणारे लक्षणसमूह, ही संज्ञा मेंदुविज्ञानात रुजली. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात तीव्र अपस्मार आटोक्यात आणण्यासाठी काही रुग्णांचा कॉर्पस कॅलोजम शस्त्रक्रियेने छेदण्यात आला होता. त्यांच्यावर रॉजर स्पेरी आणि मायकेल गझानिगा यांनी केलेल्या प्रयोगांत, डावीकडे क्षणभर दाखवलेल्या शब्दाबद्दल रुग्ण ‘काही दिसले नाही’ असे म्हणे आणि त्याच वेळी त्याचा डावा हात पडद्याआडून नेमकी तीच वस्तू उचलून देई. स्पेरी यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रश्नात ओझरता उल्लेख आहे की, ओळखीच्या एका बाईंना आघातानंतर आपला नवरा ‘नवऱ्यासारखा दिसणारा दुसराच कोणी’ वाटू लागला. तोही असाच प्रकार आहे का? याचे उत्तर ‘काही अंशी’ असे आहे. १९२३ मध्ये फ्रान्समध्ये कापग्रा यांनी वर्णिलेल्या या भ्रमाला त्यांचेच नाव मिळाले आहे. १९९० मध्ये एलिस आणि यंग या संशोधकांनी असे मांडले की, चेहरा ओळखण्याची क्रिया आणि त्या चेहऱ्याविषयी आपुलकीची भावना जागी होणे या दोन वेगळ्या वाटा आहेत. पहिली शाबूत राहून दुसरी तुटली, तर चेहरा तंतोतंत तोच दिसतो, पण ‘आपले माणूस’ म्हणून मन हलत नाही. परिचित चेहरा पाहिल्यावर आपल्या त्वचेची विद्युतवाहकता किंचित वाढते. या रुग्णांत ती तशी वाढत नाही, असे पुढे मोजमापांतून दिसले. काही रुग्ण फोनवर तोच आवाज ऐकून माणसाला निःशंक ओळखतात, कारण कानाची वाट निराळी आहे. तरीही मी याला निव्वळ जोडणी तुटल्याचा परिणाम म्हणणार नाही. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांत ही भावनिक प्रतिक्रिया नाहीशी होते, पण त्यांना असा भ्रम होत नाही. म्हणजे मनात आलेली विचित्र शंका तपासून बाजूला सारण्याची क्षमताही दुबळी व्हावी लागते. त्या बाईंना मनोविकारतज्ज्ञ आणि मेंदुतज्ज्ञ या दोघांनीही तपासणे आवश्यक आहे, आणि घरच्यांनी वाद घालून त्यांना पटवण्याचा प्रयत्न करू नये.

इथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. ‘अमुक तार तुटली, म्हणून तमुक लक्षण’ हे चित्र मोहक आहे, परंतु मेंदू इतका सरळ नाही. वेर्निके यांच्या त्या वाचाघाताचेच उदाहरण घ्या: तो एका विशिष्ट तंतुपट्ट्याला इजा झाल्यामुळेच होतो असे दीर्घकाळ शिकवले गेले, पण पृष्ठभागाला इजा होऊन तो पट्टा बराचसा वाचलेला असतानाही तशीच लक्षणे आढळली आहेत. शब्दांधत्वातही काही रुग्णांत पूल तुटलेला नसतो, तर डाव्या अर्धगोलाच्या खालच्या बाजूचा, लिखित शब्दांची रूपे झटकन ओळखण्यात सराईत झालेला भागच दुखावलेला असतो. १९९० च्या दशकात पाण्याच्या रेणूंच्या हालचालीवरून तंतूंची दिशा दाखवणारे डिफ्युजन टेन्सर इमेजिंग हे एमआरआयचे तंत्र विकसित झाले. त्यामुळे जिवंत माणसाच्या मेंदूतील मोठे पट्टे रेखाटता येऊ लागले, तरी ती गणिताने काढलेली चित्रे असतात आणि तंतू जिथे एकमेकांना छेदतात तिथे ती चुकू शकतात. म्हणून चित्रापेक्षा रुग्णाला समोर बसवून, एकेका वाटेने प्रश्न विचारून केलेली तपासणी मला आजही अधिक विश्वसनीय वाटते.

अशी तपासणी वडिलांच्या बाबतीत कशी व्हावी ते सांगतो. छापील शब्द वाचायला द्यावा. मग तोच शब्द अक्षराअक्षराने तोंडी सांगून तो कोणता हे विचारावे. मग डोळे मिटायला सांगून तळहातावर बोटाने एकेक अक्षर काढावे. पहिल्यात अपयश आणि पुढच्या दोहोंत यश आले, तर अक्षरज्ञान शाबूत असल्याची खात्री पटते. रंगांचीही परीक्षा घ्यावी, कारण अशा अनेक रुग्णांना एकसारख्या रंगाच्या जोड्या लावता येतात, पण समोरच्या रंगाचे नाव सांगता येत नाही. स्मरणशक्ती अवश्य तपासावी; तीच रोहिणी नव्या आठवणी साठवणाऱ्या भागालाही रक्त पुरवते. आणि उजवीकडचे किती दिसत नाही, याचे दृष्टिक्षेत्र-मापन नेत्रतज्ज्ञांकडून करून घ्यावे. ते होईपर्यंत वडिलांनी वाहन चालवू नये आणि रस्ता ओलांडताना कोणीतरी त्यांच्या उजव्या बाजूला असावे.

सुधारणेबद्दल सांगायचे तर, पहिल्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत बऱ्याच जणांना एकेक अक्षर ओळखून, ते जोडत जोडत वाचता येऊ लागते. वेग फार कमी असतो आणि शब्द जितका लांब, तितका वेळ अधिक लागतो. देवनागरीत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ अशा जवळच्या आकारांची भर पडते, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते पण उच्चारात नंतर येते, जोडाक्षरे असतात. त्यामुळे सरावासाठी सुरुवातीला काना-मात्रा नसलेले दोन-तीन अक्षरी शब्द, मोठ्या टायपात आणि दोन अक्षरांत जरा अंतर ठेवून घ्यावेत. सर्वांत उपयुक्त ठरतो तो गिरवण्याचा मार्ग. कॅनडातील रहस्यकथा-लेखक हॉवर्ड एंगेल यांना २००१ मध्ये असाच झटका आला आणि सकाळचे वर्तमानपत्र अनोळखी लिपीत छापल्यासारखे दिसले. त्यांनी दिसणाऱ्या अक्षराची वळणे आधी बोटाने आणि पुढे जिभेच्या टोकाने दातांमागे गिरवत वाचन पुन्हा साधले, आणि नवे लेखनही केले. आपल्याकडे पूर्वी मुले धूळपाटीवर बोट फिरवून अक्षरे शिकत. ती हाताची आठवण मेंदूत डोळ्यांच्या आठवणीपेक्षा वेगळ्या वाटेने जपलेली असते. वडील स्वतः शिक्षक होते, तेव्हा गिरवण्याचा सराव त्यांना परका वाटणार नाही. वाचा-उपचारतज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली रोज अर्धा तास, थकवा येण्याआधी थांबून, हा सराव करावा. मधल्या काळात मोबाईलमधील मजकूर वाचून दाखवणारी सोय वापरावी, कारण कानाची वाट पूर्ण उघडी आहे.

रक्तदाब, साखर आणि हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता यांची तपासणी व औषधे यांत हयगय नको. देजेरिन यांच्या रुग्णाला दुसऱ्या झटक्याने काय झाले ते वर आलेच आहे. अचानक वाचता न येणे, अर्धे दृश्य नाहीसे होणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही पुन्हा घडले, तर चष्म्याच्या दुकानात न जाता थेट मेंदूविकारांच्या उपचाराची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते.

शेवटची गोष्ट व्यवहाराची आहे आणि ती दुर्लक्षिली जाते. वडिलांची सही पूर्वीइतकीच झोकदार आहे. बँकेत, पेन्शनच्या कार्यालयात किंवा निबंधकापुढे ती पाहून समोरच्याला वाटेल की यांनी कागद वाचूनच सही केली आहे, आणि संकोचापोटी तेही ‘वाचता येत नाही’ असे सांगणार नाहीत. तेव्हा यापुढे प्रत्येक कागद सही करण्याआधी त्यांना विश्वासातील व्यक्तीने मोठ्याने, पूर्ण वाचून दाखवावा, आणि त्यांना काय समजले ते त्यांच्याच शब्दांत सांगू द्यावे. समजण्याची आणि निर्णय घेण्याची त्यांची क्षमता शाबूत असल्याचे तपासणीत दिसल्यास मेंदुतज्ज्ञांकडून तसे लेखी घ्यावे, म्हणजे वाचता येत नाही एवढ्याच कारणावरून कोणी त्यांचा निर्णयाचा अधिकार काढून घेणार नाही.